उलांडी डावीकडे, इंजिन उजवीकडे

होडीला पाठ नसते. पुढे टोक, मागे टोक, मध्ये माणूस. आणि बाहेरून टांगायचे जे इंजिन असते, आमच्या किनाऱ्यावर ज्याला ओबीएम म्हणतात, त्याला टांगायला नेमकी पाठच लागते. सपाट, उभी, पंधरा इंच उंचीची फळी. एवढी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती, तर पुढचा मजकूर वाचण्यापासून तुम्ही वाचला असता. पण कुणी सांगितली नाही असे म्हणायचीही सोय नाही. सुताराने सांगितली, मेव्हण्याने सांगितली, इंजिन विकणाऱ्यानेसुद्धा सांगितली. त्याने मात्र पैसे मोजून घेतल्यावर.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. हा तपशील पुढे माझ्याविरुद्ध वापरला जाणार आहे, म्हणून आधीच देऊन ठेवतो. बल, बलाची भुजा, आघूर्ण, गुरुत्वमध्य, तरंगणाऱ्या वस्तूचा समतोल या विषयांवर उभा जन्म मी डोंबिवलीत फळ्यावर होड्या काढल्या. त्या खडूच्या होत्या, दोन मितींच्या होत्या आणि त्यांच्यावरची बले बाणांनी दाखवलेली असत. एकही कधी बुडाली नाही.

खरी होडी मिळाली ती निवृत्तीनंतर. सासुरवाडी कर्लीच्या खाडीकाठी. सासरे गेल्यावर त्यांची होडी माडांखाली झापांनी झाकून ठेवलेली होती. बूड आंब्याच्या एकसंध खोडाचे, आतून कोरून काढलेले. त्यावर दोन्ही अंगांना फळ्या चढवून त्या काथ्याने शिवलेल्या. हात फिरवला की प्रत्येक टाका बोटाला लागतो. टाक्याखाली काथ्याची जाड वात दाबून बसवलेली, म्हणजे पाणी आत शिरू नये. सगळ्यावर काजूच्या टरफलांच्या तेलाचे वर्षानुवर्षांचे काळे थर. अख्ख्या होडीत लोखंडाचा खिळा नाही. डाव्या अंगाला दोन आडवे वासे बाहेर काढलेले आणि त्यांच्या टोकांना पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधलेला. ती उलांडी. ती नसेल तर असली अरुंद होडी माणूस शिंकला तरी कूस बदलते.

होडी बाहेर काढली, तेल दिले, पाण्यात सोडली. इथे थांबायला हरकत नव्हती. वल्हवायला मी शिकलो होतो, म्हणजे निदान ज्या दिशेला जायचे त्या दिशेला शेवटी पोचत होतो. पण खाली देवबागला, कर्ली समुद्राला मिळते तिथे, पर्यटकांच्या बोटी दिवसभर डॉल्फिन दाखवायला पळत असतात. मागे इंजिन, इंजिनापाशी एक पोरगा, त्याचा एक हात दांड्यावर आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्या पोराच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो तो मला पेन्शनीत मिळाला नव्हता. मला एवढेच हवे होते की उजव्या हातात दांडा असावा, डाव्या हातात पेपर असावा आणि काठ आपोआप मागे जावा.

हा मोह काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड नावाच्या माणसाने बोटीला मागून टांगायचे इंजिन विकायला काढले. जन्म नॉर्वेचा, वाढला विस्कॉन्सिनमध्ये. त्याची गोष्ट अशी सांगतात, की भर उन्हाळ्यात तळ्यावर सहलीला गेले असता त्याच्या बेसला, पुढे ती त्याची बायको झाली, आइस्क्रीम खावेसे वाटले. हा वल्हवत पैलतीरी गेला, आइस्क्रीम घेऊन वल्हवत परत आला, तोवर त्याचे पातळ दूध झाले होते. त्यातून इंजिन सुचले. दीड अश्वशक्तीचे, लोखंडाचे आणि पितळेचे, सुमारे २८ किलोचे धूड. दंतकथा असेलही; मला ती पटते, कारण नवरे असल्याच कारणांनी शोध लावतात. फरक एवढाच, की बेसने निदान आइस्क्रीम मागितले होते. माझ्या बायकोने काहीच मागितले नव्हते. ती म्हणाली, "अहो, बाजाराला रिक्षा जाते."

त्याच नॉर्वेची माणसे पुढे आपल्याकडे आली. १९५२ साली करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकराला त्यांनी मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचे काम हाती घेतले. समुद्रात मुरलेली माणसे, सरकारी पैसा, पाठीशी तज्ज्ञ. त्यांनी आधी तिथल्या पारंपरिक होड्यांनाच यंत्र बसवून पाहिले. ते काही जमेना, तेव्हा तो नाद सोडून नव्या घाटाच्या बोटी बांधल्या. हे मी वाचले होते. वाचून मी निष्कर्ष काढला, की नॉर्वेच्या लोकांना आपल्या होड्या कळल्या नसाव्यात. केरळात १९८०च्या दशकात जपानी ओबीएम लावून होड्या पळू लागल्या, हेही वाचले होते, आणि तेवढेच लक्षात ठेवले.

इंजिन जुने मिळाले. अडीच अश्वशक्तीचे, फोर-स्ट्रोक, वजन सतरा किलो. विकणाऱ्याने ते पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये उभे करून एका झटक्यात चालू करून दाखवले. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली. मेव्हणा, जो आतापर्यंत गप्प होता, तो खूश होऊन म्हणाला, "भावजी, मुतता बगा चांगला!" ही धार म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी आत नीट फिरते आहे याची खूण. किनाऱ्यावर तिला दुसरे नाव नाही आणि कुणी लाजतही नाही. धार बंद पडली की इंजिन बंद करायचे, एवढे ज्ञान घेऊन आम्ही घरी आलो.

आता पाठीचा प्रश्न. दोन टोकांच्या होडीला इंजिन लावायचे तीन मार्ग आहेत. मागचे टोक कापून तिथे सपाट फळी बसवायची. होडीच्या बुडाला भोक पाडून त्यात चौकोनी विहीर बांधायची आणि इंजिन आतून खाली सोडायचे. किंवा होडीला हात न लावता कडांवर आडवे ब्रॅकेट टाकून इंजिन बाजूला टांगायचे. पहिला मार्ग घेऊन मी सुताराकडे गेलो. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली, शेपटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भावजीनू, तुमी कापलास तर ती होडी ऱ्हवाची नाय, डोण जातली. गुरांका पाणी पाजूक बरी." दुसरा मार्ग मी त्याच्यासमोर उच्चारला नाही. घरी उच्चारला. "बाबांच्या होडीला भोक?" एवढेच बायको म्हणाली आणि आत गेली. रात्री ताटात नुसती पेज होती.

राहिले ब्रॅकेट. कुडाळला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. बिचारा आयुष्यभर फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या करत आला होता. मी कागदावर आकृती काढून दिली, बाणांसकट. त्याने मापे विचारली, ती मी दिली. रंग कोणता विचारले, काळा सांगितला. चार दिवसांनी ब्रॅकेट आले ते भक्कम होते. दोन्ही कडांवर सागाच्या ठोकळ्यांनी आवळायचा चौकोनी पाइप, एका बाजूने तो हातभर बाहेर, तिथे इंजिन अडकवायची सागाची फळी. पाइपाच्या दोन्ही टोकांना, जशी फाटकाला असतात तशी, पितळी रंगाची भाल्याची टोके होती. आकृतीतले बाण त्याने इमानेइतबारे बनवले होते.

फळी पहिल्यांदा उंच झाली. होडीचे शेपूट वर उचललेले असते, हे लक्षात न घेता मी कडेपासून माप दिले होते. अशाने पंखा जेमतेम पाण्याला टेकतो, हवा ओढतो, नुसता किंचाळतो आणि होडी जागची हलत नाही. पंख्यावर जी आडवी पत्री असते ती होडीच्या बुडाच्या इंचभर खाली गेली पाहिजे. कुडाळला परत खेप झाली. फाटकवाल्याने फळी खाली घेतली आणि भाले तसेच ठेवले.

सरकारदरबारीही एक भानगड होती. होडीला इंजिन लागले की ती कायद्याने यांत्रिक जहाज होते. खाडी-नद्यांतल्या जहाजांसाठी १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा नवा आलेला आहे आणि त्यात नोंदणी लागते. मासेमारीला नेली, तर १ जून ते ३१ जुलै या बंदीतही ती येणार. वल्ह्याच्या होडीला ती बंदी नाही. म्हणजे सासऱ्यांची होडी सतरा किलो वजनाने एकदम कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलरच्या पंक्तीला बसणार. आम्ही ठरवले, आधी काठापाशीच चाचणी घेऊ, नीट चालली तर रीतसर अर्ज करू. अर्ज करायची वेळ आली नाही, त्यामुळे कुणाचीच गैरसोय झाली नाही.

आता खरा प्रश्न : इंजिन कुठल्या बाजूला? या प्रश्नावर मी विचार केला नाही असे नाही. उलांडी डावीकडे आहे. तिथे वासे आहेत, दोऱ्या आहेत, गर्दी आहे. उजवीकडे मोकळे आहे. शिवाय मी उजवा. इंजिन उजवीकडे. आमच्या शेजारचे आबा, ज्यांचा जन्म होडीत गेला, ते धक्क्यावर जाळे शिवत बसले होते. त्यांनी विचारले, "इंजान खयच्या बाजूक?"

"उजव्या."

"आणि उलांडी?"

"डाव्या."

"बरा तर," म्हणाले आणि जाळे बाजूला ठेवून नीट बसले. ते बघायला बसले आहेत हे मला तेव्हा कळले नाही.

अकरावीच्या पोरालाही सांगता येईल असे हे गणित आहे. होडीच्या उजव्या अंगाला मागून ढकलले, की तिचे तोंड डावीकडे वळते. डाव्या अंगाला उलांडी पाण्यात ओढ खाते, तिच्यामुळेही तोंड डावीकडेच वळते. ही झाली दोन आघूर्णे, एकाच दिशेची. तिसरी गोष्ट दांड्याची. ओबीएमचा दांडा ज्या बाजूला न्याल त्याच्या उलट बाजूला बोट वळते. होडी डावीकडे चालली हे पाहताच मी दांडा जिवाच्या आकांताने उजवीकडे ओढला, कारण मला उजवीकडे जायचे होते. तिन्ही बले आता डावीकडे. परीक्षेत याला पूर्ण गुण द्यायला मी कधीच कमी केले नसते.

होडी गोल फिरू लागली. पहिल्या फेरीत मला वाटले, ही सुरुवातीची जुळवाजुळव आहे. दुसऱ्या फेरीत मी धक्क्यावरच्या लोकांना हात केला, जणू हे ठरलेलेच होते. पोरे मोजू लागली. मेव्हणा पुढच्या टोकाला पाठमोरा बसला होता, तो न वळता म्हणाला, "भावजी, ह्या माडाक आपण आत्ताच बघला नाय?" मग मी गोंधळून आणखी जोर द्यावा म्हणून दांड्याची मूठ पिळली आणि इंजिनाकडे झुकलो. इथे गुरुत्वमध्य आला. उजवीकडे सतरा किलो आधीच बाहेर लटकत होते, त्यात मी. डावीकडची उलांडी पाण्यातून उठली, अगदी सावकाश, आणि पांगाऱ्याचा ओंडका पाणी गाळत हवेत उभा राहिला. मी हयातभर विद्यार्थ्यांना समतोलाचे तीन प्रकार शिकवले : स्थायी, अस्थायी, उदासीन. चौथा तिथे पाहिला, ज्यात सगळे गाव उठून उभे राहते.

मेव्हण्याने मागे वळून पाहिले आणि एका उडीत वाशावर पालथा पडला. तो ऐंशी किलोचा आहे. उलांडी धाडकन खाली आली, होडी डावीकडे बसली आणि मी आत आडवा झालो. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवायची असते, ती मी छान दिसते म्हणून अडकवली होती. पडताना तीच ओढली गेली आणि इंजिन थांबले. म्हणजे त्या दिवशी ज्या एका गोष्टीने काम केले, ती इंजिन बंद करण्याची होती. शांतता झाल्यावर धक्क्यावरून आबांचा आवाज आला, "फेरेच मारूचे आसत तर देवळात जावा. थय पुण्य तरी लागतला."

दुसऱ्या दिवशी आबांनीच ब्रॅकेट उलटे करून दिले. इंजिन उलांडीच्या बाजूला, मागच्या वाशाच्याही मागे. एका फटक्यात दोन्ही गोष्टी जमल्या. आता इंजिन होडीला उजवीकडे वळवू पाहते आणि उलांडीची ओढ डावीकडे, दोघांचे भांडण परस्पर मिटते. आणि इंजिनाचे वजन उलांडी दाबून धरते. आबांची शाळा चौथीपर्यंत. मी त्यांना आघूर्णाची संकल्पना समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "मगे काल उजव्या बाजूक कित्याक लावलास?"

होडी सरळ गेली. हे मला नमूद करायलाच हवे, कारण याचा पुरावा नाही. त्या दिवशी धक्क्यावर बघायला कुणी थांबले नव्हते. सरळ गेली, पण नाक वर करून. मागे इंजिन, मागे मी, पुढे कुणी नाही, कारण मेव्हण्याला त्या दिवसापासून शेतात फार काम होते. वर उठलेल्या टोकाला वारा लागला की होडी वाऱ्याबरोबर वळते. मग पुढे एक जांभ्याचा चिरा ठेवला. तेवढ्याने भागेना म्हणून दुसरा ठेवला. दांड्याला पीव्हीसीचा पाइप जोडून मी स्वतः मध्यावर सरकलो. हा उपाय खरोखर चांगला आहे आणि तो माझा आहे. पाइपात पाणी शिरून ते मूठ पिळताना बाहीतून कोपरापर्यंत येते, एवढा एक दोष सोडला तर.

आता वेग. मूठ पूर्ण पिळली तरी होडी एका मर्यादेपलीकडे जाईना. नुसते शेपूट खाली बसे आणि मागे लाट उठे. याचेही उत्तर मला पाठ होते. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्की गावी लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची छोटी रूपे ओढून पाहिली. पाणी कापत जाणारी कुठलीही बोट स्वतःची लाट स्वतःच तयार करते, आणि त्या लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की पुढे जायचे म्हणजे स्वतःच्याच लाटेवर चढायचे. पाण्यात टेकलेली लांबी सोळा फूट असेल, तर ही वेस तासाला जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास पडते. अरुंद होडी थोडी सवलत काढते, पण चिरे भरलेली काढत नाही. थोडक्यात, माझ्या होडीचा वेग ज्या दिवशी आंब्याचे ते खोड कोरले त्याच दिवशी ठरला होता. अडीच अश्वशक्तीतली दीड तर मी नुसत्या आवाजासाठी जाळत होतो.

आणि आवाजाबरोबर थरथर येते. एका सिलिंडरचे इंजिन चालू झाले की ब्रॅकेट थरथरते, ब्रॅकेटखालची कड थरथरते, आणि कडेखाली काय आहे? काथ्याचे टाके. खिळ्याची होडी असती तर कुरकुरली असती. शिवलेली होडी बोलत नाही, नुसती सैल होते. पायाखाली पाणी दिसू लागले तेव्हा मला वाटले पाइपातले असेल. मग घोटा बुडाला. मी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने नारळाच्या करवंटीने पाणी उपसू लागलो. ज्या हातात पेपर धरायचा होता, तो हात हाच.

कळस झाला अमावस्येनंतर दुसऱ्या दिवशी. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, हा धडा मी प्रश्नोत्तरांसह शिकवीत असे. त्या दिवशी सकाळी खाडी काठोकाठ भरलेली पाहून मला उत्साह आला आणि मी वरच्या अंगाला लांब गेलो. परतताना सुकती लागली. पाणी भराभर उतरत होते, मी मध्यातून चाललो होतो, आणि कुठल्याशा जुन्या जाळ्याचा पाण्याखाली राहिलेला खुंट पंख्यात आला. खट्ट! त्यानंतर इंजिन असे पळू लागले की जन्मात पळाले नव्हते, हलके, गोड आवाजात. होडी मात्र उभी. धारही उत्तम पडत होती.

याला कारण शिअर पिन. लहान इंजिनांत पंखा आणि दांडी यांच्यामध्ये मऊ धातूची बोटाच्या पेराएवढी पिन आडवी घातलेली असते. पंखा कशावर आपटला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे आतले दाते वाचतात. फार सुंदर कल्पना आहे. दोन रुपयांची वस्तू मरते आणि हजारोंची वाचते. फक्त जवळ दुसरी पिन लागते. विकणाऱ्याने दोन दिल्या होत्या, त्या घरी देवघरात होत्या, कारण इंजिनाची पूजा केली तेव्हा त्यांनाही हळदकुंकू वाहिले होते. असल्या वेळी लोक खिळा कापून घालतात असे ऐकले होते. मी खिळा शोधू लागलो. आणि तेव्हा, गुडघे मोडून त्या सबंध होडीवर नखशिखांत हात फिरवताना, मला सासऱ्यांच्या होडीची थोरवी कळली. एक खिळा नाही. वल्हे काठावर ठेवले होते, कारण दोन चिऱ्यांनी जागा अडवली होती.

होडी चिखलाला टेकली. भोवती तिवरांची मुळे, त्यांवर कालवे, वर बगळे. पाणी पुन्हा चढायला पाच-सहा तास. मी दोन्ही चिरे एकावर एक रचून त्यावर बसलो आणि पेपर काढला. तो भिजलेला होता. एकच पान सुटे झाले, त्यात शब्दकोडे होते, पण उत्तरांचे.

दुपार कलल्यावर आबा आले. खाडीच्या मधल्या पाण्याच्या पट्ट्यातून, त्यांच्या लहानशा होडीत, उभ्याने बांबू टेकत. त्यांना ते पाणी पुरत होते, कारण त्यांची होडी वीतभर पाण्यात चालते. पंखा लावण्याआधी माझीही चालत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, इंजिनाकडे पाहिले, चिऱ्यांकडे पाहिले. काही विचारले नाही. "दोरी देव काय?" म्हणाले. थोडे थांबून म्हणाले, "ते चिरे हयच टाका. घर बांधूचा नाय आसा."

त्यांनी मला ओढत आणले. तो प्रवास फार छान झाला. आवाज नाही, थरथर नाही, नाक खाली, होडी सरळ. मला जे हवे होते ते नेमके हेच होते. यात फक्त आबा आणि त्यांचे कष्ट जास्तीचे होते. धक्क्यावर बायको उभी होती. तिने आबांना चहा विचारला. मला विचारले, "बाजार करून आलात?"

टाके पुन्हा शिवायला माणूस शोधावा लागला, कारण होडी शिवणारे हात आता फार उरलेले नाहीत; ज्याला ते कसब येते त्याने होडी पाहून एकच वाक्य उच्चारले, "काथ्याक हादरो सोसना नाय." मग दोन दिवस तो काहीही न बोलता टाके घालत बसला. त्याची मजुरी इंजिनाच्या किमतीत मिळवली, कुडाळच्या खेपा मिळवल्या, तर बाजाराच्या रिक्षाचे भाडे किती वर्षांचे निघते ते बायकोने हिशेबाच्या वहीत मांडून ठेवले आहे. मी ती वही उघडत नाही.

इंजिन मागच्या पडवीत निळ्या ड्रममध्ये बसवले आहे. खाऱ्या पाण्यातून आलेले इंजिन गोड्या पाण्यात चालवून धुवावे लागते, नाहीतर आत मीठ धरते. आणि आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल दमट हवेत पाणी ओढते, म्हणून टाकी भरून ठेवून देताही येत नाही. तेव्हा ते अधूनमधून चालवावेच लागते. ड्रममध्ये ते अप्रतिम चालते. पहिल्या झटक्याला सुरू होते, कुठेही वळत नाही, कुठेही अडत नाही, आणि धार थेट अळवाच्या आळ्यात पडते. एकंदर ते जागेवर आहे.

तरीही कुणाला आपल्या उलांडीच्या होडीला इंजिन लावायचेच असेल, तर त्याने ते उलांडीच्या बाजूलाच लावावे, फळी बुडाच्या मापाने घ्यावी, शिअर पिना देवघरात न ठेवता खिशात ठेवाव्यात आणि वल्हे बरोबर न्यावे. ब्रॅकेट माझ्याकडे तयार आहे. भाल्यांसकट फुकट देईन, घेऊन मात्र स्वतः जावे लागेल.